चंद्रतालला जायच्या आधी तळं नकाशावर कसं वाचायचं

हिमाचलातल्या चंद्रताल तळ्याचे फोटो सगळेच बघतात, पण निघायच्या आधी एकदा नकाशा नीट बघाच, तिथे गेल्यावर खूप जास्त कळतं. मी हे डोंबिवली-दादर लोकलमध्ये मोबाइलवर केलं, तेवढा वेळ पुरतो.

आधी सरावासाठी मुंबईतल्या पवई तलावावर हात बसवा. मॅपमध्ये टेरेन लेअर (डोंगर-उतार दाखवणारा थर) ऑन करा, झूम करा आणि काठाकाठाने बोट फिरवत पाणी बाहेर कुठून पडतं ते शोधा. ओव्हरफ्लो सापडला की तीच पुढे मिठी नदी, शेजारच्या विहार तलावाचं जादा पाणीही तिलाच.

आता हिमाचलात लाहौल-स्पितीत या, कुंझुम खिंड शोधा आणि तिथून उत्तरेला सरका. चंद्रकोरीसारखं निळं दिसेल तेच चंद्रताल, उंची साधारण 4,300 मीटर. आत येणारी मोठी नदी शोधत बसू नका, बर्फाचं वितळलेलं पाणी आणि जमिनीखालचे झरे यांवरच ते भरतं. बाहेर जाणारा ओढा मात्र शोधायचाच, सगळी गंमत त्यात आहे! खडकातले क्षार पाण्यात थोडे थोडे उतरतातच, बाहेर वाट असली की वाहून जातात, नसली की पाण्याची वाफ होते आणि मीठ मागे राहतं, म्हणून आपलं लोणार खारं, पँगाँगही खारं आणि चंद्रताल गोडं. लडाखात तर दोन शेजारी तळी आहेत, स्टार्टसापुक त्सो गोडं कारण त्याचं पाणी त्सो कारमध्ये जातं, आणि त्सो कारला पुढे वाटच नाही म्हणून ते खारं. मला हे कळलं तेव्हा दादर आलेलं पण कळलं नाही.

ओढ्यावरचं बोट सोडू नका. तो चंद्रा नदीत जातो, चंद्रा तांदी इथे भागा नदीला मिळते, झाली चंद्रभागा, म्हणजेच चिनाब. पंढरपूरची चंद्रभागा वेगळी, ती भीमा, तिथे नाव चंद्रकोरीसारख्या वळणावरून पडलंय.

शेवटी उंचीच्या रेषा बघा. खेटून असतील तिथे चढ उभा, लांब लांब असतील तिथे सपाट. आणि वाटेतल्या प्रत्येक मुक्कामाची उंची कागदावर लिहा, कारण आपण समुद्रसपाटीवरची माणसं, तिथे हवेचा दाब आपल्या साधारण 60 टक्केच. उंचीचा त्रास होऊ नये म्हणून 3,000 मीटरच्या वर गेलात की झोपायची उंची दिवसाला 500 मीटरपेक्षा जास्त वाढवू नका, आकडे जमत नसतील तर एक मुक्काम वाढवा, सुट्टी एक दिवस जास्त टाका.