थडग्यातल्या चित्रांना 'रोजचं जगणं' समजू नका

तुतानखामुन, ममी, पिरॅमिड हे तुम्हाला माहीत असणारच, ते सोडून देतो. प्राचीन इजिप्तची साधी माणसं कशी जगायची हे शिकायचं असेल तर देर अल-मदीनापासून सुरुवात करा. लक्सरसमोर, नाईलच्या पश्चिमेला असलेल्या या गावात राजांच्या खोऱ्यातली थडगी खोदणारे आणि रंगवणारे कारागीर बायकापोरांसह राहायचे.

नवखे अडकतात ते इथेच, आणि माझीही बरीच वर्षं इथेच गेली. याच गावच्या सेन्नेजेम या कारागिराचं थडगं 1886 मध्ये उघडलं. भिंतीवर तो नांगर धरतोय, मागून बायको बी पेरतेय. झालं, लगेच वहीत 'शेतकऱ्याचा दिनक्रम'! अहो, आधी कपडे बघा. पांढरंशुभ्र तलम वस्त्र नेसून चिखलात कोण उतरतं? ते मरणानंतरचं इआरूचं शेत आहे, तिथलं धान्य माणसापेक्षा उंच वाढतं. सेन्नेजेम तर शेतकरीच नव्हता. या गावाला धान्य सरकारातून पगार म्हणून यायचं. तिसऱ्या रामसेस राजाच्या कारकिर्दीच्या 29 व्या वर्षी ते थकलं, तेव्हा याच कारागिरांनी संप केला. म्हणून चित्रं टाकून द्यायची का? नाही. नांगराची, विळ्याची घडण खरीच आहे. प्रसंग मात्र परलोकातला, एवढं भान ठेवा.

रोजचं जगणं सापडतं ते खापऱ्यांवर आणि चुनखडीच्या कपच्यांवर लिहिलेल्या नोंदींत. ब्रिटिश म्युझियममध्ये दुसऱ्या रामसेसच्या 40 व्या वर्षाचं हजेरीपत्रक आहे. कोण कधी आलं नाही याची तारीख, आणि वर तांबड्या शाईत कारण: एकाला विंचू चावला, एकाचे डोळे आले, कुणी बिअर गाळायला घरी थांबला. नुसत्या स्लाइड दाखवणाऱ्या गुरूंपेक्षा असली एक कपची जास्त शिकवते, असं माझं ठाम मत आहे.

हायरॅटिक, म्हणजे या नोंदींची झरझर लिहायची लिपी, झटपट शिकवण्याच्या जाहिरातींवर पैसे घालवू नका. ती झटपट येत नाही. पण धीर सोडू नका. हजेरी, धान्य, उसनवारी यांत तेच ते शब्द फिरून येतात, हळूहळू नजर बसते. फ्रेंचला मात्र पर्याय नाही. 1922 ते 1951 या काळात बेर्नार ब्रुयेरनं हे गाव खणलं, आणि त्याचे अहवाल फ्रेंचमध्येच आहेत. तेव्हा शब्दकोश शेजारी घेऊन रोज एक पान वाचा.