फ्रेंच खेड्यातली खाद्य-रहस्यकथा लिहायचीय? मग घड्याळ स्वयंपाकघरातलं लावा

कोझी मिस्ट्री म्हणजे खून होतो पण रक्त दिसत नाही, शोध लावणारं माणूस गावातलंच कुणीतरी असतं आणि शेवटी गाव परत जागच्या जागी येतं. त्यात खाणंपिणं आलं की ती कलिनरी कोझी. मी बरीच वर्षं या गोष्टी वाचतेय, लिहितेय, आणि नवीन लिहिणाऱ्यांचे ड्राफ्ट वाचते तेव्हा नेहमी एकच गोष्ट दिसते, खून एका बाजूला चाललाय आणि जेवणाची वर्णनं दुसऱ्या बाजूला, दोघांची गाठच पडत नाही.

म्हणून आधी एक टेस्ट करा. गोष्टीतून सगळे पदार्थ काढून टाका. तरीही गुन्हेगार सापडतोय का? सापडत असेल तर प्लॉट परत लिहायला घ्या. पदार्थाने साक्ष दिली पाहिजे, आणि त्याला साक्ष देता येते कारण त्याला वेळ लागतो. पीठ फुगायला वेळ लागतो, बदक मंद आचेवर त्याच्याच चरबीत शिजायला वेळ लागतो, विष चढायला वेळ लागतो. माणूस म्हणेल मी रात्री आठला घरीच होतो, पण कणीक किती वेळ मुरलीय ते कणीकच सांगते.

आता जागा. "फ्रान्समधलं एक गाव" एवढ्यावर भागत नाही, प्रांत ठरवा. मी नेहमी नैऋत्येला जाते, पेरिगोर आणि त्याला लागून असलेलं केर्सी, कारण अक्रोड, बदक, ट्रफल म्हणजे जमिनीखाली वाढणारी महागडी, वासाची बुरशी, आणि काओर गावची जवळजवळ काळी दिसणारी वाइन हे सगळं एका टप्प्यात मिळतं. गावाचं नाव खुशाल काल्पनिक घ्या, पण शेजारचा आठवडी बाजार खरा ठेवा. काओरजवळ लालबेंक नावाचं गाव आहे, तिथे डिसेंबर ते मार्च दर मंगळवारी ट्रफलचा बाजार भरतो, रस्त्याकडेला बाकांवर टोपल्या, त्यात कापडावर ठेवलेली काळी ढेकळं, विकणारे एका बाजूला, घेणारे दुसऱ्या बाजूला, मधे दोरी. अडीचच्या सुमाराला इशारा होतो मग दोरी जाते आणि बघता बघता माल हातोहात जातो. रहस्य लिहिणाऱ्याला यापेक्षा काय हवं, पूर्ण गाव एका रस्त्यावर, प्रत्येकाच्या टोपलीत काय आहे ते सगळ्यांना दिसतंय आणि वेळ ठरलेली.

महिना चुकवू नका. माझ्या पहिल्या गोष्टीत मी काळं ट्रफल जुलैत काढायला लावलं होतं आणि पूर्ण प्लॉट त्यावर उभा होता, तो पाडावा लागला. जुलैत मिळतं ते उन्हाळी ट्रफल, वास कमी, भाव कमी. हिवाळ्यातलं काळं ट्रफल वेगळं, ते ओकच्या मुळांशी वाढतं आणि जिथे असतं तिथे झाडाभोवती गवत मरून जळल्यासारखं गोल वर्तुळ पडतं. कुत्र्याला वासाने कळतं, पूर्वी डुकरीण न्यायचे. कुठल्या झाडाखाली मिळतं हे म्हातारा पोरालासुद्धा सांगत नाही, त्यामुळे तो अचानक गेला की सोन्याची खाण कुठाय तेच कुणाला माहीत नाही. आणि हे सगळं लटकं वाटत असेल तर 2010 च्या डिसेंबरात आग्नेय फ्रान्सच्या द्रोम भागातल्या ग्रिन्यां गावात एका ट्रफल शेतकऱ्याने आपल्या रानात शिरलेल्या माणसाला चोर समजून गोळी घातली होती, तो माणूस गेला. ट्रफल हुंगणारी कुत्रीही तिकडे चोरीला जातात.

आता घड्याळ कसं लावायचं ते एका प्लॉटवर दाखवते, कारण नुसतं तत्त्व सांगून उपयोग नाही.

ट्रफलवाला म्हातारा रविवारी रानात मेलेला सापडतो, टोपली गायब. गावातला रेस्टॉरंटवाला सोमवारी सगळ्यांसमोर हळहळतो की यंदा माझ्याकडे एक ट्रफल नाही हो, उद्या दुपारी लालबेंकला जाऊन घेणार. मंगळवारी बारा वाजता आपली नायिका, शाळेच्या कँटीनमध्ये तीस वर्षं स्वयंपाक केलेली बाई, त्याच्याकडे साधं ऑम्लेट मागवते. साधंच येतं, वर काही किसलेलं नाही, काळा ठिपका नाही. पहिला घास घेते आणि थांबते. ट्रफलची अंडी करायची जुनी पद्धत अशी, बंद बरणीत अंडी आणि ट्रफल दोन-तीन दिवस एकत्र ठेवायचे, टरफलाला बारीक छिद्रं असतात, वास आत उतरतो. म्हणजे बरणी रविवारीच भरलेली. आणि मालकाने बरणी लपवून ठेवलेली असताना ती अंडी पानात आली कशी, तर किचनमधल्या नवीन पोराने घाईत हाताला लागली ती अंडी उचलली. बाजार सुरू व्हायला अजून अडीच तास आहेत.

यात सोमवारचं त्याचं वाक्य फार महत्त्वाचं आहे बघा, ते नसेल तर तो सहज म्हणेल मी आधीच दुसरीकडून आणलं होतं. प्रत्येक खाद्य-क्लूला असं एक माणसाच्या तोंडचं वाक्य जोडीला लागतं, एक खोटं बोलतं आणि एक खरं. आणि ते वाक्य वाचकाने आधी ऐकलेलं पाहिजे, गप्पांच्या ओघात, कुणाचं लक्ष जाणार नाही असं.

दुसरं घड्याळ बेकरीचं. फ्रान्समध्ये 1993 पासून "ट्रॅडिशन" नावाने विकायच्या पावाचं पीठ कुठल्याही टप्प्यावर गोठवलेलं चालत नाही, आणि 1998 च्या कायद्याने दुकानावर बुलांजरी, म्हणजे पावाची बेकरी, असं लिहायचं तर पीठ मळणं, आकार देणं, भाजणं तिथेच व्हायला हवं. आता बेकर सांगतो की मी पहाटे दोनपासून पीठ मळत होतो, पक्की अ‍ॅलिबी. पण त्याच्या मागच्या खोलीत डीप फ्रीझर सापडला तर? अ‍ॅलिबी गेली, शिवाय अब्रूही गेली, आणि अब्रू जाऊ नये म्हणून तो खोटं बोलत होता की खून केला म्हणून, हे वाचकाला पन्नास पानं कळू द्यायचं नाही. मला खुन्यापेक्षा असा लाजेपोटी खोटं बोलणारा माणूस लिहायला जास्त आवडतो.

तिसरं, अळंबी. आपल्याकडे गोव्यात पावसाळ्यात ओळखीच्या माणसाकडूनच अळमी घ्यायची असते तसं तिथे शरदात सेप नावाची रानअळंबी गोळा करून लोक टोपली फार्मसीत दाखवायला नेतात, फार्मासिस्टला अळंबी ओळखायचं शिक्षण असतं. डेथ कॅप नावाच्या विषारी अळंबीचा त्रास खाल्ल्याबरोबर होत नाही, सहसा सहा ते बारा तास, कधी त्याहून उशिरा, मधे एकदा बरं वाटतं आणि तोवर यकृत निकामी होत जातं. म्हणजे जे शेवटचं जेवण सगळे संशयाने बघतायत ते चुकीचं जेवण. एकाच ओळीत पूर्ण तपास उलटा फिरतो.

खुनाचं कारण शोधायला लांब जाऊ नका, व्हियाजे नावाची पद्धत वाचा. म्हातारं माणूस घर विकतं पण मरेपर्यंत त्यातच राहतं आणि घेणारा दरमहा पैसे देत राहतो. आर्लच्या झान कालमांबाईंनी 1965 मध्ये नव्वदाव्या वर्षी आपलं घर असं एका नोतेरला, म्हणजे मालमत्तेचे दस्त करणाऱ्या वकिलाला, विकलं, महिना 2500 फ्रँक. तो 1995 मध्ये गेला, बाई 1997 पर्यंत जगल्या, 122 वर्षं. आता त्या नोतेरच्या जागी तुमच्या गोष्टीतलं एखादं घायकुतीला आलेलं माणूस बसवा.

तपासयंत्रणा थोडक्यात. खेड्यात तपासाला सहसा पोलीस नसतात, जांदार्म असतात, ते लष्करी दलाचे, कुटुंबासकट बॅरॅकमध्ये राहतात. मृत्यू संशयास्पद वाटला तर डॉक्टर दाखल्यावर मेडिको-लीगलच्या चौकोनात खूण करतो आणि दफन थांबतं. ती खूण करायची की नाही यावर घुटमळणारा गावचा डॉक्टर हा एक सीन होऊ शकतो. बाकी कोर्टकचेरी कोझीत नको.

भाषेत मात्र आपण नशीबवान आहोत, मनापासून सांगते. फ्रेंचमध्ये तू आणि वू आहे, मराठीत तू आणि तुम्ही, तो फरक आपल्याला आयता मिळतो. तीस वर्षं नायिकेला "तू" म्हणणारी शेजारीण अचानक "तुम्ही" म्हणाली की वाचकाच्या पोटात गोळा आला पाहिजे, दुसरं काही लिहायची गरज नाही. दुकानात शिरताना बोंजूर न म्हणणारं पात्र उद्धट किंवा घाबरलेलं, तेही नोंदवा. आणि एक माझा लाडका क्लू, शाब्रोल. सूप संपत आलं की तळाशी उरलेल्यात रेड वाइन ओतायची, वाडगा हलवायचा आणि तोंडाला लावून प्यायचा, या भागातली जुनी माणसं अजून करतात. "माझे आजोबा इथलेच" म्हणत वारसाहक्क सांगायला आलेला माणूस हे बघून दचकला तर नायिकेला कळलंच.

लिहिताना एक कागद घ्या, उभ्या रेघेत दिवस आणि तास, एका बाजूला माणसं काय म्हणाली आणि दुसऱ्या बाजूला चुलीवर, बरणीत, भट्टीत त्या वेळी काय चाललं होतं. जिथे दोन्ही बाजू जुळत नाहीत तिथे तुमचा क्लू आहे. मी हा कागद झाल्याशिवाय पहिलं वाक्य लिहीत नाही.

शेवटी रेसिपी द्यायची पद्धत आहे ती जरूर द्या, पण ज्या पदार्थाने गुन्हेगार पकडून दिला त्याचीच द्या, आणि स्वतः करून बघून द्या. ट्रफल मिळालं नाही तर बाटलीतलं ट्रफल तेल वापरून काम भागवू नका, बऱ्याच तेलात ट्रफल नसतंच, लॅबमध्ये केलेला एकच वास असतो. त्याऐवजी दुसरा पदार्थ निवडून प्लॉट त्याच्याभोवती बांधा. अक्रोड घ्या, तिकडे जूनच्या शेवटी सेंट जॉनच्या सणाच्या सुमाराला हिरवे कच्चे अक्रोड तोडून वाइनमध्ये घालतात, आणि ते चिरताना बोटं काळी पडतात, ती कित्येक दिवस धुतली जात नाहीत.