प्रसूती रजेनंतर बढती हुकू नये म्हणून

बढती नाकारल्याचे कळते तेव्हा दाद मागण्याची वेळ बहुधा निघून गेलेली असते, कारण निर्णय त्याआधीच्या दोन-तीन वर्षांच्या कार्यमूल्यमापन अहवालांत होऊन गेलेला असतो. सैन्यातील महिला अधिकाऱ्यांच्या बाबतीत हेच घडले. कायमस्वरूपी कमिशन, म्हणजे निवृत्तीच्या वयापर्यंतची नेमणूक, त्यांना मिळणारच नाही असे गृहीत धरून त्यांचे गोपनीय अहवाल उरकले गेले आणि पुढे त्याच अहवालांवर त्यांची निवड ठरली. हा अप्रत्यक्ष भेदभाव आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने मार्च 2021 मध्ये नितीशा खटल्यात म्हटले. म्हणून लक्ष ठेवायचे ते अहवालावर.

रजेवर जाण्यापूर्वी हातातील प्रत्येक कामाची स्थिती वरिष्ठांना ईमेलने कळवावी आणि वर्षाचे उद्दिष्ट प्रत्यक्ष कामाच्या महिन्यांच्या प्रमाणात धरावे, अशी विनंती त्यातच करावी. प्रसूती लाभ कायद्याच्या 2017 च्या दुरुस्तीने पहिल्या दोन अपत्यांसाठी रजा 26 आठवड्यांची झाली. बारा महिन्यांचे उद्दिष्ट सहा महिन्यांच्या कामाला लावले, तर चांगली कर्मचारीही ‘साधारण’ ठरते.

स्वयंमूल्यमापनात ‘विभागाच्या कामात सहकार्य केले’ असे लिहू नये. ‘एप्रिल ते ऑगस्टमध्ये 140 प्रलंबित दाव्यांपैकी 118 निकाली काढले’ असे लिहावे. (निरोपसमारंभाची वर्गणी आणि बैठकीचे इतिवृत्त ही कामे बायकांकडे आपोआप येतात, अहवालात त्यांना रकाना नसतो. ती पाळीपाळीने वाटावीत, हे भर बैठकीतच सुचवावे.)

परतल्यावर ‘बाळ लहान आहे, दौरे तुम्हाला नकोत’ असे काळजीपोटी सांगितले जाते आणि नेमके दौरे, प्रशिक्षण, नवे प्रकल्प हेच पुढे बढतीच्या वेळी मोजले जातात. अशा बोलण्याला त्याच दिवशी लेखी उत्तर द्यावे: ‘मी दौऱ्यांसाठी उपलब्ध आहे, सप्टेंबरच्या नागपूर दौऱ्यासाठी माझे नाव विचारात घ्यावे.’ खरोखरच सवलत हवी असेल, तर ती कोणत्या महिन्यापर्यंत, हे नमूद करावे; नाहीतर तात्पुरती सोय कायमची होऊन बसते.

सरकारी सेवेत अहवालातील प्रत्येक नोंद, अगदी ‘चांगला’ हा शेराही, कर्मचाऱ्याला कळवलाच पाहिजे, असा देव दत्त खटल्यातील सर्वोच्च न्यायालयाचा 2008 चा निकाल आहे. त्यामुळे प्रत मागून घ्यावी आणि श्रेणी घसरली असल्यास मुदतीत अभिवेदन, म्हणजे फेरविचाराचा लेखी अर्ज, द्यावे. खासगी नोकरीत मनुष्यबळ विभागाकडे लेखी कारण मागावे. दोन्हीकडे अर्जाची भाषा कोरडी असावी. मागील वर्षाची श्रेणी, या वर्षाची श्रेणी, कामाचे महिने आणि रजेपूर्वीचा तो ईमेल, एवढेच जोडावे.