एका पात्रताधारक शिक्षकामागे किती मुलं? हा आकडा वापरण्याआधी

शिक्षणावरचा अहवाल तपासायला आला की मी आधी तक्ते काढते, मजकूर नंतर. तक्त्यातही पहिलं काम एकच : प्रत्येक प्रमाणाच्या छेदात कोण बसलंय ते शोधणं. ‘निम्न-मध्यम उत्पन्न गटातल्या देशांत, प्राथमिक शाळांत, एका पात्रताधारक शिक्षकामागे अमुक मुलं’ हे वाक्य अशा अहवालांत हमखास सापडतं. आणि ते लिहिणाऱ्याने बहुतेकदा साधं विद्यार्थी-शिक्षक प्रमाण समजून उचललेलं असतं.

अंशाचा फारसा प्रश्न नसतो. प्राथमिक स्तरावर नाव दाखल असलेली सगळी मुलं, म्हणजे पट. हजेरी नव्हे. खरी गंमत छेदात आहे. युनेस्कोच्या सांख्यिकी संस्थेच्या हिशोबात पात्रताधारक शिक्षक म्हणजे आपल्या देशाने त्या स्तरासाठी ठरवलेली किमान शैक्षणिक अर्हता असलेला. प्रशिक्षित शिक्षक म्हणजे अध्यापनाचं किमान ठरलेलं प्रशिक्षण पूर्ण केलेला. एखाद्याकडे पदवी असेल आणि प्रशिक्षण नसेल, किंवा उलटंही. म्हणून संयुक्त राष्ट्रांच्या शाश्वत विकास उद्दिष्टांच्या यादीत दोन वेगळे निर्देशांक आहेत : ४.सी.२ प्रशिक्षितांसाठी, ४.सी.४ पात्रताधारकांसाठी. तक्त्याखालची बारीक अक्षरं वाचून यातला कुठला आहे ते आधी लिहून ठेवा. दोन्ही एकाच आलेखात जोडलेले मी पाहिले आहेत, आणि रेघ मध्येच उडी का मारते याचं कारण मग कोणालाच सांगता येत नाही.

आता हिशोब. समजा १,२०० मुलं आणि ४० शिक्षक, त्यांतले ३० पात्रताधारक. साधं प्रमाण ३०, पात्रताधारकांचं ४०. तयार आकडा मिळत नसेल, पण साधं प्रमाण आणि पात्रताधारकांची टक्केवारी असेल, तर पहिल्याला दुसऱ्याने भागा : ३० भागिले ०.७५, उत्तर ४०. मात्र दोन्ही आकडे एकाच वर्षाचे आणि एकाच स्तराचे हवेत. वर्षाची खूण अशी की शालेय वर्ष दोन सालांत विभागलेलं असेल तर युनेस्कोच्या तक्त्यात ते ज्या साली संपतं ते साल लिहिलेलं असतं. २०१८-१९ हे तिथे २०१९ असतं.

साधं प्रमाण, पात्रताधारकांचं प्रमाण आणि त्यांची टक्केवारी हे तिन्ही आकडे शेजारी ठेवून वाचायची सवय लावा. एकटा एक आकडा सहज फसवतो. १,२०० मुलांना २४ शिक्षक होते, सगळे पात्रताधारक. सरकारने तुटपुंज्या मानधनावर १६ अपात्र शिक्षक घेतले. साधं प्रमाण ५० वरून ३० वर आलं, टाळ्या पडल्या. पात्रताधारकांचं प्रमाण ५० होतं, ५० च राहिलं. फक्त त्यांची टक्केवारी १०० वरून ६० झाली.

देशादेशांची तुलना करायची असेल तर हात आखडता घ्या, कारण मोजपट्टी प्रत्येकाची आपापली. भारतात प्राथमिकसाठी बारावी आणि त्यावर दोन वर्षांची डी.एल.एड. पदविका ही रुळलेली वाट. नायजेरियात एनसीई हे शिक्षक-शिक्षणाचं प्रमाणपत्र ही किमान अट. घानाने २०१८ पासून शिक्षक महाविद्यालयांत तीन वर्षांच्या पदविकेऐवजी चार वर्षांची बी.एड. पदवी सुरू केली. किमान अट वाढवून ती जुन्या शिक्षकांनाही लावली, तर वर्गात काहीही न बदलता त्या देशाचं प्रमाण एका रात्रीत बिघडतं. तेव्हा कुठल्याही देशाच्या रेषेत अचानक चढ दिसला की आधी अट कधी बदलली ते बघा, शिक्षकभरतीला नंतर दोष द्या.

उत्पन्नगटाचीही तीच कथा. जागतिक बँक दरवर्षी १ जुलैला दरडोई राष्ट्रीय उत्पन्नावरून यादी नव्याने लावते. २०२५ या आर्थिक वर्षासाठी निम्न-मध्यम गट १,१४६ ते ४,५१५ डॉलर असा होता. इंडोनेशिया २०२० मध्ये वरच्या गटात गेला, २०२१ मध्ये खाली आला, २०२३ मध्ये पुन्हा वर. झांबिया २०२२ मध्ये अल्प उत्पन्न गटात घसरला आणि पुढच्याच वर्षी परतला. इंडोनेशियासारखा कोट्यवधी मुलांचा देश आत-बाहेर झाला की सरासरी हलणारच. बँकेच्या ऑनलाइन तक्त्यांत आजची यादी मागच्या सगळ्या वर्षांना लावलेली असते, जुन्या छापील अहवालात त्या वेळची असते. दोन्हींतून आकडे उचलून तुलना करू नका.

गटाची सरासरी स्वतः काढणार असाल तर देशांची प्रमाणं बेरजेला घेऊ नका. एका देशात १ कोटी मुलं, प्रमाण २५, म्हणजे ४ लाख शिक्षक. दुसऱ्यात १० लाख मुलं, प्रमाण ५०, म्हणजे २० हजार शिक्षक. नुसती सरासरी ३७.५ येते. एकूण मुलं भागिले एकूण शिक्षक केलं की २६.२. पहिल्या आकड्यावर बातमी होते, दुसरा खरा असतो.

तरीही देशपातळीवरचा आकडा वर्ग दाखवत नाही. १२० मुलांची एक शाळा, पात्रताधारक शिक्षक ६. तितक्याच मुलांची दुसरी शाळा, पात्रताधारक १. एकत्र प्रमाण ३४. पण मुलांच्या बाजूने मोजा : निम्म्या मुलांना २० चं प्रमाण वाट्याला येतं, निम्म्यांना १२० चं, सरासरी ७०. शाळानिहाय यादी मिळत असेल तर मी हाच हिशोब आधी करते आणि अहवालात दोन्ही आकडे मागते. दोन पाळ्यांच्या शाळा, अर्धवेळ शिक्षक, न शिकवणारे मुख्याध्यापक यांची मोजणी कशी केली तेही याच वेळी विचारून घ्यावं.

एवढं झालं की वाक्य लिहा, आणि त्यात पाच गोष्टी बसवा : कुठला निर्देशांक, कुठला स्तर, कुठलं साल, उत्पन्नगटांची यादी कुठल्या वर्षाची, सरासरी भारित (एकूण मुलं भागिले एकूण शिक्षक) की नुसती. वाक्य लांबेल. जागा कमी पडत असेल तर विशेषणं काढा.