अकरावी-बारावीच्या इंग्रजीचे नियोजन आणि मूल्यमापन : या चुका टाळा

कनिष्ठ महाविद्यालयांतील इंग्रजीची वार्षिक नियोजने आणि अंतर्गत परीक्षांच्या कृतिपत्रिका (प्रश्नपत्रिका) पाहण्याचे काम मी बरीच वर्षे करत आहे, आणि गाव बदलले, महाविद्यालय बदलले, शिक्षकांची पिढी बदलली तरी त्याच चुका पुन्हा समोर येतात. पाठ्यपुस्तक बालभारतीचे, बारावीची ८० गुणांची लेखी आणि २० गुणांची तोंडी परीक्षा राज्य मंडळाच्या आराखड्यानुसार, मग आमच्या हातात उरते तरी काय, असे पुष्कळ शिक्षक विचारतात. मात्र वर्षभराचे तास कशावर खर्च करायचे, घटक चाचणीत काय मोजायचे, अकरावीची कृतिपत्रिका कशी काढायची आणि तोंडी परीक्षेची तयारी केव्हा सुरू करायची, हे सारे महाविद्यालयातच ठरते. विद्यार्थ्याला इंग्रजी येते की नाही, हे बहुतांशी याच निर्णयांवर अवलंबून असते.

पहिली चूक म्हणजे पाठांच्या यादीलाच अभ्यासक्रम समजणे. ‘जुलै : पाठ पहिला, दुसरा आणि एक कविता’ असे लिहिलेला कागद हे वेळापत्रक असते, ऑगस्टअखेर विद्यार्थ्याला असे काय करता येईल जे जूनमध्ये येत नव्हते, हे त्यातून कळत नाही. उद्दिष्टांच्या रकान्यात ‘आकलन होईल’, ‘भाषेची गोडी निर्माण होईल’ अशी वाक्ये भरली तरी फरक पडत नाही, कारण आकलन झाले हे कशावरून ओळखायचे ते कोणीच लिहिलेले नसते. मी नियोजनाला बसताना सत्राच्या शेवटच्या चाचणीतील प्रश्न आधी लिहून काढतो आणि मग मागे येत तासांची वाटणी करतो. ज्या प्रश्नासाठी वर्गात एकही तास ठेवलेला नाही, तो प्रश्न चाचणीतून काढायचा किंवा त्यासाठी तास ठेवायचा. न शिकवता विचारायचे, हा तिसरा मार्ग विद्यार्थ्यांवर अन्याय करणारा आहे.

याच चुकीचा दुसरा भाग अकरावीच्या पहिल्या आठवड्यात घडतो. मराठी माध्यमातून आलेल्या मुलाने दहावीपर्यंत इंग्रजी तृतीय भाषा म्हणून शिकलेली असते, इंग्रजी माध्यमातील मुलीने प्रथम भाषा म्हणून, आणि दोघेही आता एकाच बाकावर ‘युवकभारती’ हे एकच पाठ्यपुस्तक उघडून बसतात. तरीही कोणाला काय येते आणि काय येत नाही हे शोधणारी नैदानिक चाचणी न घेता थेट पहिला पाठ सुरू होतो. दीडशे शब्दांचा एक अपरिचित उतारा, त्यावर पाच प्रश्न आणि दहा ओळींचे स्वतःचे लेखन एवढे एका तासात होते. त्याचे गुण कुठेही नोंदवू नयेत, पण त्या कागदांवरून वर्गाचे गट ठरवावेत.

आता ज्या चुकीबद्दल मला सर्वांत जास्त सांगायचे आहे तिच्याकडे येतो. वाचनकौशल्य मोजतो असे म्हणून शिकवून झालेल्या पाठातील उतारा द्यायचा आणि गाईडमध्ये छापलेले प्रश्न त्याखाली ठेवायचे, ही पद्धत इतकी रुळली आहे की ती चूक आहे हेही अनेकांना पटत नाही. तालुक्याच्या गावातील एका महाविद्यालयात बारावीच्या घटक चाचणीचे निकाल फार चांगले लागत होते आणि तेथील शिक्षक वाचनाबाबत निश्चिंत होते. त्यांच्या संमतीने मी पुढच्या चाचणीतील उताऱ्यात दोनच वाक्ये बदलली. मूळ पाठातील प्रवासी अडचणी येऊनही पुढे जातो. मी छापलेल्या उताऱ्यात तो पावसामुळे परत फिरत होता. प्रश्न जसेच्या तसे ठेवले होते, वेळ पुरेसा दिला होता आणि या प्रश्नाचे गुण निकालात धरायचे नाहीत हे आधीच ठरले होते.

उत्तरपत्रिका आल्या तेव्हा बहुसंख्य विद्यार्थ्यांचा प्रवासी पुढेच गेलेला होता. काहींनी तर तो का पुढे गेला याची कारणेही गाईडच्या शब्दांत लिहिली होती, आणि त्या कारणांचा मागमूस समोरच्या उताऱ्यात नव्हता. तो परत फिरला असे लिहिणारे थोडेच होते, आणि त्यांतील काही नावे शिक्षकांनी तयार केलेल्या ‘कच्च्या’ विद्यार्थ्यांच्या यादीत होती. या मुलांना पाठांतर जमत नव्हते, म्हणून त्यांनी छापलेला मजकूर वाचला होता. वर्षभर ज्या चाचण्यांवरून त्यांना कच्चे ठरवले, त्या चाचण्या वाचन मोजतच नव्हत्या. मूल्यमापनाच्या भाषेत चाचणीची सप्रमाणता, म्हणजे जे मोजायचे तेच मोजण्याचा गुण, गेली असे याला म्हणतात, पण त्यामागे खऱ्या मुलांचे नुकसान असते हे त्या दिवशी तेथील सर्वांच्या लक्षात आले.

एका शिक्षकांनी त्यावर ही मुलांची फसवणूक आहे असा आक्षेप घेतला. मला तो मान्य नाही, कारण उतारा डोळ्यांसमोर होता आणि वाचून उत्तर द्या हीच सूचना होती. तरी हा प्रयोग सर्वांनी करावा असे मी म्हणणार नाही. त्याऐवजी अंतर्गत चाचणीत वाचनाचे निम्मे तरी गुण अपरिचित उताऱ्याला ठेवावेत. वर्तमानपत्रातील जाहीर सूचना, बँकेच्या खात्याचे नियम, एखाद्या यंत्रासोबत येणारी माहितीपत्रिका असे मजकूर मी जमवून ठेवतो. विद्यार्थ्यांना अनोळखी वाटतील असे शब्द शंभरात पाचांहून जास्त निघाले तर उतारा बाजूला ठेवतो. शेवटी उतारा झाकून माझेच प्रश्न सोडवायला घेतो आणि जो प्रश्न न वाचता, सामान्य ज्ञानावर सुटतो तो खोडतो. यासाठी एक संध्याकाळ जाते. तेवढा वेळ नाही म्हणून गाईडमधून प्रश्न उचलणाऱ्या नव्या शिक्षकांची अडचण मला कळते, पण तो मार्ग मला कधीही मान्य होणार नाही.

कोणत्या उद्दिष्टाला किती गुण द्यायचे हे दाखवणारा संविधान तक्ता कृतिपत्रिकेनंतर भरणे ही तितकीच जुनी सवय आहे. शिक्षणतज्ज्ञ ब्लूम आणि सहकाऱ्यांचे, स्मरणापासून मूल्यमापनापर्यंत चढत जाणारे उद्दिष्टांचे वर्गीकरण १९५६ पासून अध्यापक-शिक्षणात आहे, सर्वांनी ते बी. एड. ला लिहिलेले असते, तरी फाइल पूर्ण करण्यासाठी तक्ता मागाहून भरला जातो. आधी भरला तर स्मरणावर किती गुण जात आहेत हे प्रश्न काढण्यापूर्वीच दिसते.

दुसरी मोठी चूक लेखनाच्या तपासणीत होते. एका कार्यशाळेत मी एकाच विद्यार्थ्याच्या अर्जाच्या झेरॉक्स प्रती शिक्षकांना दिल्या आणि चारपैकी गुण द्यायला सांगितले. एक आणि साडेतीन या दोन टोकांमध्ये सर्व गुण विखुरलेले होते. एकीने शुद्धलेखनाच्या प्रत्येक चुकीला अर्धा गुण कापला होता, एकाने तारीख आणि विषय योग्य जागी नाहीत म्हणून, तर साडेतीन देणाऱ्या शिक्षकांनी अर्ज वाचून अधिकाऱ्याला मागणी नेमकी कळेल एवढेच पाहिले होते. प्रत्येकाचे कारण प्रामाणिक होते, परंतु विद्यार्थ्याचे गुण त्याच्या लेखनावर अवलंबून न राहता उत्तरपत्रिका कोणाच्या गठ्ठ्यात गेली यावर ठरत होते. बोर्डाच्या उत्तरपत्रिकांसाठी परीक्षकांची तपासणी पुन्हा पाहणारे नियामक असतात. अंतर्गत परीक्षेत ती जबाबदारी कोणीच घेत नाही.

यावर लोक दहा-बारा निकषांची भलीमोठी श्रेणीपट्टी तयार करतात, आणि तिसऱ्या उत्तरपत्रिकेनंतर तिच्याकडे कोणी पाहत नाही. मी चारच निकष ठेवतो : हेतू साधला का, मांडणीत क्रम आहे का, शब्द आणि वाक्यरचना कामाला पुरेशी आहे का, आणि चुकांमुळे अर्थ अडतो का. तपासणीपूर्वी चांगला, मध्यम आणि कमकुवत असे तीन नमुने विभागातील सर्वांनी एकत्र वाचावेत आणि त्यांचे गुण ठरवूनच गठ्ठे उघडावेत. मी विद्यार्थ्याचे नाव झाकतो आणि पूर्ण गठ्ठ्यातील एकच प्रश्न आधी संपवतो. आठवड्याने दहा उत्तरपत्रिका जुने गुण न पाहता पुन्हा तपासल्या की आपला हात किती स्थिर आहे हे कळते.

तोंडी परीक्षेचे २० गुण सर्वांना सरसकट अठरा-एकोणीस देऊन टाकणे हे औदार्य नाही. ज्या मुलीने वर्षभर धीर करून बोलायचा प्रयत्न केला तिचे श्रम त्यात पुसले जातात. ऐंशीच्या तुकडीत वेळ मिळत नाही ही तक्रार खरी आहे, म्हणूनच तोंडीचे काम फेब्रुवारीपर्यंत न लांबवता जुलैपासून प्रत्येक तासाला चार जणांना दोन-दोन मिनिटे द्यावीत. वीस तासांत तुकडीची एक फेरी पूर्ण होते.

भाषेवरील प्रभुत्वाच्या पातळ्या ठरवणाऱ्या, युरोप परिषदेच्या (कौन्सिल ऑफ युरोप) २००१ च्या भाषाचौकटीतील ए-१ ते सी-२ या सहा पातळ्यांपैकी एखादी पातळी नियोजनावर छापून टाकू नये. त्या पातळीचे वर्णन वाचून आपली मुले कुठे आहेत हे आधी पाहावे. डायरेक्ट-इनडायरेक्टची सुटी वाक्ये वर्षभर घोटून घेऊ नयेत. तीच रचना बातमी किंवा मुलाखतीचा वृत्तांत लिहिताना वापरून घ्यावी. शिक्षकाने फळ्यावर लिहून दिलेल्या सारांशाला सारांशलेखन म्हणू नये.

शेवटची चूक अशी की गुण नोंदवहीत चढले की चाचणी संपली असे मानले जाते. ऐंशी उत्तरपत्रिकांतील वरच्या आणि खालच्या २७ टक्क्यांचे, म्हणजे प्रत्येकी २२ जणांचे, गट वेगळे काढावेत. एखादा प्रश्न वरच्या गटातील १८ जणांनी आणि खालच्या गटातील ६ जणांनी बरोबर सोडवला असेल तर फरक बाराचा, त्याला २२ ने भागले की सुमारे ०.५५ हा भेददर्शकता निर्देशांक, म्हणजे प्रश्न दोन गटांत किती फरक दाखवतो याचे माप, मिळतो आणि प्रश्न चांगला ठरतो. फरक शून्याजवळ आला किंवा खालचा गट पुढे निघाला, तर बहुधा प्रश्नाची भाषा संदिग्ध आहे, उत्तरसूची चुकली आहे किंवा तो भाग वर्गात नीट शिकवला गेलेला नाही. त्यातले नेमके काय झाले हे शोधून त्यावर उपचारात्मक अध्यापन करायला वेळ लागतो, आणि तो नियोजनात आधीच धरलेला नसेल तर पुढचा पाठ तो वेळ खाऊन टाकतो. म्हणून मी प्रत्येक चाचणीनंतरचे दोन तास नियोजनात कोरे सोडतो, आणि पाठ मागे पडले तरी त्या तासांना हात लावू देत नाही.