जुन्या सामानातून हरितगृहातली मांडणी (रॅक) : या चुका टाळा

जुनी पॅलेट (माल ठेवायच्या लाकडी चौकटी), दाराच्या फळ्या, लोखंडी कॉटचा सांगाडा, खिडकीची जाळी... एवढ्या सामानात हरितगृहातल्या कुंड्यांसाठी चांगली भक्कम मांडणी उभी राहते. वर्षा-दोन वर्षांत ती डुगडुगायला लागली की खापर फुटतं जुन्या लाकडावर. पण फळी बहुतेक वेळा शाबूत असते. कुजतात ते सांधे आणि पायांची टोकं, कारण पाणी तिथेच मुरतं.

म्हणून सर्वात महागात पडणारी चूक म्हणजे पाय थेट ओल्या जमिनीवर टेकवणं. लाकडाच्या कापलेल्या टोकातून पाणी बाजूच्या पृष्ठभागापेक्षा कितीतरी वेगाने आत शिरतं. पाय उलटा करून ते टोक जवसाच्या तेलात किंवा लाकडाच्या सीलरमध्ये चांगलं भिजवा, सुकू द्या, पुन्हा भिजवा. मग खाली वीट किंवा फरशीचा तुकडा ठेवा. जवसाच्या तेलाचं फडकं मात्र चुरगळून कोपऱ्यात टाकू नका. ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं, मोकळ्या जागी पसरूनच वाळवा.

दुसरी चूक, वजनाचा अंदाज कोरड्या कुंडीवरून बांधणं. एक लिटर पाणी म्हणजे एक किलो. २५ सेंमीची मातीची भरलेली कुंडी पाणी घातल्यावर १० किलोच्या आसपास जाते, म्हणजे मीटरभर फळीवर एका ओळीत अशा चार कुंड्या बसल्या तर ४० किलो. पातळ फळीला दर ४५-६० सेंमीवर खालून आडवा आधार हवाच. साधं प्लायवूड तर वापरूच नका, दमट हवेत त्याचे थर सुटतात.

मांडणी डुलतेय? जास्त खिळे ठोकून उपयोग नाही, उलट जुनं लाकूड चिरतं. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजा, ते सारखे येईपर्यंत चौकट सरळ करा आणि मागच्या बाजूने एक तिरकी पट्टी मारा. ही एक पट्टी डझनभर खिळ्यांचं काम करते. खिळ्यांऐवजी गॅल्व्हनाइज्ड किंवा स्टेनलेस स्टीलचे स्क्रू घ्या आणि आधी बारीक भोक पाडा.

फळ्या एकमेकींना चिकटवून बसवल्या की दिसतात छान, पण कुंडीखाली पाणी थांबतं, शेवाळ आणि बुरशी धरते. दोन फळ्यांत दीड-दोन सेंमी फट सोडा. भिंतीच्या प्लॅस्टिकपासूनही थोडं अंतर ठेवा, हवा खेळली पाहिजे.

लाकूड कुठलं घ्यायचं, याबाबत मी अजिबात तडजोड करणार नाही. पॅलेटवर ‘एचटी’ असा शिक्का असेल तर ते उष्णतेची प्रक्रिया केलेलं असतं, गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सियसला किमान ३० मिनिटं. ‘एमबी’ असेल तर त्याला मिथाइल ब्रोमाइड या कीड मारणाऱ्या विषारी वायूची धुरी दिलेली असते, ते बाजूला ठेवा. क्रिओसोट (डांबरापासून काढलेलं घातक तेल) लावलेले रेल्वेचे जुने स्लीपर नकोत. जुन्या तैलरंगात शिसं असू शकतं, तो कोरडा घासून धूळ उडवू नका. खाण्याच्या भाज्यांची रोपं ठेवायची असतील तर असं लाकूड सोडून देणंच बरं. त्याचे तुकडे जाळूही नका.

लोखंडी सांगाड्यात गंज आधी वेल्डिंगच्या जागी आणि पाइपच्या आतून धरतो. उघडी तोंडं टोपणाने बंद करा, पण तळाशी पाणी निथळायला एक भोक ठेवा. गंजावर नुसता रंग फासला तर तो पापुद्र्यांनी सुटतो. आधी तारेच्या ब्रशने घासा, मग प्रायमर, मग रंग.

वर्षातून एकदा मांडणी पूर्ण रिकामी करा. स्क्रूड्रायव्हरचं टोक प्रत्येक सांध्यात आणि पायाच्या तळाशी दाबून बघा. सहज रुतलं की तेवढा भाग गेला. थोपटल्यावर पोकळ आवाज आला किंवा मातीच्या बारीक नळ्या दिसल्या तर वाळवी आहे, तो तुकडा त्याच दिवशी बाहेर काढा. स्क्रू वापरले असतील तर एक पट्टी बदलायला दहा मिनिटंही पुरतात.