आधारगटात कुणी आपल्यावर चिडलं तर

स्मृतिभ्रंशाच्या रुग्णांना घरी सांभाळणाऱ्या नातेवाइकांचा आधारगट मी परिचारिका म्हणून पहिल्यांदा चालवायला घेतला. तिसऱ्याच बैठकीत एक बाई माझ्यावर उखडल्या, "तुमची ड्यूटी संपते, आमची संपत नाही. तुम्ही काय सांगणार आम्हाला?" मी गडबडून विषय औषधांच्या वेळांकडे वळवला. पुढच्या बैठकीला त्या आल्या नाहीत. आणखी दोघं गळाली.

मानसशास्त्रज्ञ ब्रूस टकमन यांनी १९६५ मध्ये मांडलेले गटाच्या वाढीचे टप्पे मी परीक्षेसाठी पाठ केले होते. गट जमतो, मग खटके उडतात, मग घडी बसते, मग खरं काम होतं. (१९७७ मध्ये टकमन आणि मेरी अ‍ॅन जेन्सन यांनी गट संपतानाचा, निरोपाचा पाचवा टप्पा जोडला.) पण समोर खटका उडाला तेव्हा तो मला टप्पा वाटलाच नाही, माझी चूक वाटली. नव्या परिचारिकांना मला हेच सांगायचंय, की तो राग गटाच्या वाढीचाच भाग असतो. पहिल्या बैठकांत सगळे जपून आणि गट चालवणाऱ्याकडेच बघून बोलतात. चिडायचं धाडस येतं ते थोडा विश्वास बसल्यावर.

पुढच्या गटात तसाच प्रसंग आला. या वेळी म्हटलं, "खरंय, मी तुमच्या जागी नाही. तुमची रात्र कशी जाते, सांगाल?" आणि गप्प बसले. शांतता लांबली. मग कोपऱ्यातले एक गृहस्थ म्हणाले, "काल मी वडिलांवर ओरडलो. एकच प्रश्न विसाव्यांदा विचारला त्यांनी." शेजारच्या बाई हळूच म्हणाल्या, "मीही." तिथून ते माझ्याशी नव्हे, एकमेकांशी बोलू लागले.

राग आपल्यावर असेल तर ऐकून घ्यायचा. पण कुणी दुसऱ्या सदस्याचा पाणउतारा केला तर तिथल्या तिथे थांबवायचं. गोपनीयतेचे आणि बोलण्याचे नियम पहिल्याच दिवशी ठरलेले असले की हे सोपं जातं.

घडी बसल्यावर आपण मागे सरायचं. उत्तरं द्यायची सवय जडलेल्या आपल्याला हे फार अवघड जातं. प्रश्न माझ्याकडे आला की मी विचारते, "हे आणखी कुणी अनुभवलंय?" नवा माणूस आला की गट पुन्हा जपून बोलू लागतो, तेव्हा परत पुढे यावं लागतं.

निरोपाची आठवण दोन-तीन बैठका आधीपासून द्या. त्या काळात लोक उशिरा येतात, जुन्या तक्रारी उकरतात. ओरडल्याचं सांगणारे ते गृहस्थ दोनदा आलेच नाहीत. फोन केला तर म्हणाले, "संपताना बघवत नाही." शेवटच्या दिवशी मात्र ते सगळ्यांच्या आधी येऊन खुर्च्या मांडत होते.